छातीतील कळ : एका लक्षणाचा इतिहास

नाशिक रोडला धर्मगुरू म्हणून काम करताना रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी जाण्याचे प्रसंग येतात. तैलाभ्यंगासाठी पोहोचावे, तर घरची मंडळी बहुधा एकच वाक्य सांगतात : "फादर, संध्याकाळपासून छातीत भरून आलं होतं, आम्हांला वाटलं, पित्त असेल." तोवर ओवा खाऊन झालेला असतो, सोडा पिऊन झालेला असतो आणि मोलाचे तास निघून गेलेले असतात. ही गफलत आपल्या घरांपुरती नाही. ह्या कळेचा अर्थ लावायला वैद्यकालाही दीड शतक लागले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'हृच्छूल' ह्या व्याधीचा निर्देश आहे. आधुनिक वैद्यकातील तिचे पहिले नेमके चित्र लंडनचे डॉ. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली रेखाटले व १७७२ साली ते प्रसिद्ध झाले. चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर, छातीत आवळल्यासारखी वेदना उठते, ती डाव्या हाताकडे जाते, थांबताच ओसरते. ह्या गुदमरण्यावरूनच त्यांनी तिला 'अंजायना' असे नाव दिले. मात्र वेदनेचे मूळ त्यांस उमगले नाही.

त्यांचा निबंध वाचून एका अनामिक गृहस्थाने त्यांस पत्र लिहिले. ही लक्षणे माझीच आहेत, मला अकस्मात मृत्यू आल्यास माझा देह तपासावा, अशी त्याची इच्छा होती. थोड्याच दिवसांत तो वारला. प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी विच्छेदन केले. पण हृदयाचे पोषण करणाऱ्या रोहिण्यांकडे लक्षच गेले नाही. पुढे हंटर यांनाच ही कळ जडली. त्यांचे शिष्य एडवर्ड जेन्नर (देवीच्या लसीचे जनक) यांना रोहिण्या कठीण होण्याशी ह्या वेदनेचा संबंध दिसू लागला होता. परंतु गुरूंना धक्का बसेल म्हणून ते मौन राहिले. १७९३ साली रुग्णालयाच्या सभेतील वादानंतर हंटर कोसळले. विच्छेदनात त्यांच्या हृदयरोहिण्या हाडासारख्या टणक झालेल्या आढळल्या.

रोहिणी एकाएकी बंद झाली तरी मनुष्य तत्क्षणी मरतोच असे नाही, हे शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ साली दाखवून दिले. म्हणजेच निदानाला आणि उपचाराला अवधी असतो. आइंटहोव्हेन यांच्या विद्युत्-हृदयालेखाने, अर्थात ईसीजीने, त्या निदानाला साधन दिले. त्यांस १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज ही कळ काय सांगते? हृदयाचे वेदनातंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, तेथेच हाताचेही काही तंतू येतात. म्हणून हृदयाचे दुखणे खांद्यात, हातात वा जबड्यात जाणवते. दाब, जडपणा, घाम, मळमळ आणि विशेषतः दोन्ही हातांकडे जाणारी वेदना हृदयविकाराचा संशय बळावते. बोटाने दाबल्यावर किंवा श्वास घेताना टोचणारी वेदना तो संशय कमी करते, पण पुसून टाकत नाही. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासावे लागते.

सर्वांत फसवे असते ते वेदनेचे मौन. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ३३ टक्के रुग्णांना रुग्णालयात येताना छातीत दुखतच नव्हते. त्यांत वृद्ध, स्त्रिया व मधुमेही अधिक होते. ते उशिरा पोहोचले आणि त्यांपैकी २३ टक्के रुग्णालयात दगावले. वेदना असणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. शिवाय २००७ च्या एका अभ्यासानुसार दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांच्या सुमारे सहा वर्षे आधी येतो. माझ्या वयाच्या वाचकांनी हा आकडा विसरू नये.

जेन्नर यांचे मौन प्रेमापोटी होते. आपल्या घरांतील मौनही तसेच असते : "मुलांना रात्री कशाला उठवायचं?" पण ज्या अवधीचा शोध लागायला इतकी वर्षे गेली, तो अवधी अशाने वाया जातो. छातीत भरून आले, कारणाविना घाम फुटला वा दम लागला, तर पित्ताचा न्यायनिवाडा घरी करू नये. आधी १०८ क्रमांकाला फोन करावा. मग मला बोलवावे. मी रुग्णालयात येईन.