कमावलेली पाठ

मराठीत शरीर ‘कमावतात’. जोर, बैठका, मल्लखांब यांनी घडलेल्या देहाला आपण कमावलेले शरीर म्हणतो. क्रीडाविषयक मजकूर अनुवादताना हे क्रियापद मला फार उपयोगी पडते. पण मणका मोडून कमरेखालचा भाग बधिर झालेल्या खेळाडूने काय कमवायचे? याचे उत्तर कोशात नाही, इतिहासात आहे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रुग्णाला बहुधा अंथरुणातच ठेवत. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी तो लवकरच दगावे. नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हा तिथला पहिला नियम. मग व्यायाम.

गुटमान यांचे लक्ष पाठीच्या एका रुंद स्नायूवर होते. लॅटिसिमस डॉर्सी हे त्याचे नाव. त्याला मज्जातंतू मानेकडून येतो, पण तो स्वतः खाली कटीच्या हाडापर्यंत पोचतो. म्हणजे छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी हा स्नायू जिवंत राहतो आणि बधिर व शाबूत भागांना जोडतो. तो बळकट झाला की माणूस आधाराशिवाय ताठ बसू शकतो. धनुष्य ओढताना नेमका हाच भाग कामाला लागतो. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी तिरंदाजीची स्पर्धा केली, त्यामागे हा हिशेब होता.

पुढे उपचारातून खेळ वेगळा होत गेला. १९६४ साली टोकियोत पाठीवर झोपून वजन उचलण्याची स्पर्धा आली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, आणि उपचार म्हणून पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले.

‘पॅरालिम्पिक’मधला ‘पॅरा’ आरंभी पॅराप्लेजियाचा, म्हणजे कमरेखालच्या लुळेपणाचा होता. आता त्याचा अर्थ ग्रीकमधल्या ‘शेजारी’वरून सांगतात. अर्थ बदलला हे बरेच झाले. मात्र जुन्या अर्थात शरीराची जी आठवण होती, ती प्रशिक्षकाला विसरून चालत नाही. चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूचे खांदेच त्याचे पायही असतात. सरावात वजन उचलायचे, तेही खांद्यांनी. आणि घरी परतताना खुर्ची ढकलायची, पलंगावर सरकायचे, तेही त्यांनीच. म्हणून त्याच्या व्यायामात ढकलण्याइतकेच ओढण्याला महत्त्व असते, आणि विश्रांतीही आखून द्यावी लागते. खांदा दुखावला तर स्पर्धा तर हुकतेच, शिवाय घरातला वावरही थांबतो. इथे कमावणे म्हणजे उरलेले राखणेही असते.