लिंबू फुलपाखरू

लिंबू, मोसंबी, संत्रे, बेल, कवठ व कढीपत्ता यांच्या कोवळ्या पाल्यावर वाढणारे काळे-पिवळे फुलपाखरू. शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. भारतभर आढळते. लातूर जिल्ह्यात रेणा नदीकाठच्या रेणापूर परिसरात परसातले लिंबू किंवा कढीपत्त्याचे झाड हेच त्याचे घर. मराठवाड्यात नुसते ‘लिंब’ म्हटले की कडुलिंब समजतात. त्या झाडावर मात्र याची अळी वाढत नाही.

वर्गीकरण : फुलपाखरे व पतंग मिळून खवलेपंखी गण होतो. या गणातील सुमारे १,६०,००० ज्ञात जातींपैकी फुलपाखरे सुमारे १८,००० असून बाकीचे सर्व पतंग आहेत. फुलपाखरे ही पतंगांच्याच मोठ्या वंशवृक्षाची एक फांदी मानली जाते. प्रस्तुत जात पॅपिलिओनिडी कुलातील असून कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये तिचे नामकरण केले. या कुलातील अनेक फुलपाखरांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखी टोके असतात. याला ती नसतात.

वर्णन व जीवनक्रम : पंखविस्तार ८ ते १० सेंमी. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके व पट्टे असतात, तर मागच्या पंखांच्या आतल्या कोपऱ्यात तांबडा ठिपका असतो. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्याने शत्रूच्या नजरेतून सुटते; मोठी झाली की हिरवी होऊन पानांत मिसळते. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले, उग्र वासाचे शिंगासारखे अंग बाहेर काढते. कोष रेशमी धाग्याच्या पट्ट्याने फांदीला बांधलेला असतो व आजूबाजूच्या रंगानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो.

भौगोलिक प्रसार : या जातीच्या सहा उपजाती मानतात. भारतात डेमोलियस, मलाया व सुमात्रा भागात मलयानस, तैवान व फिलिपीन्समध्ये लिबॅनियस, सुंबा-फ्लोरेस बेटांवर स्थेनेलिनस, न्यू गिनीत नोव्होगिनीन्सिस आणि ऑस्ट्रेलियात स्थेनेलस आढळते. मलयानसचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ मध्ये दिले. एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना फुलपाखरांची ठेवण कशी बदलते, हा नैसर्गिक निवडीचा पुरावा म्हणून त्यांनी त्याच लेखनात मांडला. ऑस्ट्रेलियातील अळ्या लिंबूवर्गीय झाडांऐवजी बावचीच्या जवळच्या शेंगवर्गीय वनस्पतींवर वाढतात. याची सर्वांत जवळची भावंडे आफ्रिकेत व मादागास्करमध्ये आहेत. त्यांतील तीन जाती फक्त मादागास्कर बेटावर सापडतात.

समुद्र ओलांडण्याच्या या प्रवासात लिंबूवर्गीय बागांची मोठी साथ मिळाली. आग्नेय आशियात जंगले तुटून बागा वाढल्या तसे हे फुलपाखरू नव्या बेटांवर पसरले. २००४ मध्ये ते कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात आढळले; पुढे जमैका, पोर्तो रिको व क्युबा येथेही पोहोचले. आनुवंशिक तपासणीत तेथील फुलपाखरे आग्नेय आशियातील वंशाची ठरली. याच्या उलट दिशेने आलेला पतंग म्हणजे लष्करी अळीचा : मूळ अमेरिकेतला हा पतंग २०१६ मध्ये आफ्रिकेत व २०१८ मध्ये भारतात पोहोचला, आणि मक्यासह ज्वारीवरही उतरला. खवलेपंखी कीटकांचा नकाशा असा माणसाच्या पिकांमागोमाग बदलत जातो.

महत्त्व : रोपवाटिकेतील व नुकत्याच लावलेल्या रोपांचा पाला अळ्या फस्त करतात, तेथे त्या हाताने वेचून काढणे हा सोपा उपाय आहे. वाढलेल्या झाडाला थोड्या अळ्यांनी इजा होत नाही. या फुलपाखराच्या अंड्यांवर व अळ्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आपले काम करतात. सरसकट फवारणीने आधी त्याच मरतात. म्हणून परसातल्या लिंबूवर दिसलेल्या दोन-चार अळ्या तशाच राहू द्याव्यात. साधारण महिनाभरात त्याच झाडाभोवती फुलपाखरू फिरताना दिसेल.