रुळांची रुंदी आणि रेडिओचा आवाज

दौंडचा फलाट आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग, १८७८ साली मनमाडशी जोडला गेलेला दुसरा, आणि १९१४ साली बारामतीला गेलेला तिसरा. पहिले दोन साडेपाच फूट रुंदीचे. तिसरा मात्र मुळात अडीच फुटांचा. त्यामुळे बारामतीकडून आलेला माल पुढे धाडायचा, तर दौंडला उतरवायचा, हमालाने पाठीवर घ्यायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. डब्यात दोष नव्हता, मालात नव्हता. पुढे बारामतीची लाइनही रुंद झाली, ते वेगळे. शिरूरकरांना तर रेल्वेच नाही. त्यांनी हे उदाहरण शेजारधर्म म्हणून उसने घ्यावे.

आता आवाजाकडे वळू. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तीनच वर्षांनी, १९५६ च्या सुरुवातीला, युनेस्कोच्या मदतीने त्या केंद्राने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत लोक संध्याकाळी संचाभोवती बसत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. हा प्रयोग जगभर अभ्यासला गेला. पण त्यातली एक गोष्ट इतकी साधी होती की तिची कुणी नोंदही घेतली नसेल: संच कोणत्या कंपनीचा आहे, याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. मध्यमलहरीवर आवाज कसा चढवायचा आणि कसा उतरवायचा, हे शास्त्र सर्वांना खुले होते. हुशार मुलगा पाठ्यपुस्तक वाचून स्वतः संच जुळवू शके.

इंटरनेटवर आवाज धाडायची वेळ आली तेव्हा हे सोपेपण गेले. आवाज जसाच्या तसा पाठवला तर तो फार जागा खातो; म्हणून तो दाबून लहान करावा लागतो आणि ऐकणाऱ्याकडे पुन्हा फुलवावा लागतो. दाबण्याच्या या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात. आपण साचा म्हणू. १९९५ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने रिअलऑडिओ आणला, पुढे मायक्रोसॉफ्टचा विंडोज मीडिया आला. साचा कंपनीचा, फुलवण्याचे साधनही बहुतेक कंपनीचेच. एमपीथ्रीचे तसे नव्हते: त्याची कृती छापील होती, पण तिच्यावर पेटंटे होती आणि त्यांचे परवाने विकले जात. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने ही परवान्यांची विक्री २०१७ साली थांबवली. तिसरी जात पूर्ण खुली: २००२ साली पूर्णत्वाला आलेला व्हॉर्बिस आणि २०१२ साली इंटरनेटचे मानक ठरलेला ओपस. यांना ना गुपित, ना दाम.

तुम्ही म्हणाल, मग सरकारी प्रसारकांनी सरळ खुला साचा घ्यावा! पण बीबीसीचेच बघा. लोकांच्या परवाना-शुल्कावर चालणारी ही संस्था. २००७ साली तिने घरी उतरवून घेण्याचे कार्यक्रम देऊ केले, ते आधी फक्त विंडोज असलेल्यांना. कारण होते: कार्यक्रमांचे हक्कदार कुलुपाशिवाय माल द्यायला तयार नव्हते, आणि तयार कुलूप मायक्रोसॉफ्टकडे होते. इतर संगणकवाल्यांनी ओरड केली. बीबीसीवर देखरेख करणाऱ्या मंडळानेही सर्वांना सोय मिळालीच पाहिजे असे बजावले होते. गंमत अशी की त्याच सुमारास बीबीसीचा संशोधन विभाग चित्रांसाठी डिरॅक नावाचा स्वतःचा खुला साचा घडवीत होता. एका हाताने कुलूप, दुसऱ्या हाताने किल्ली. पुढे २०१५ साली बीबीसीने विंडोज मीडियाचे जुने प्रवाह बंद केले, तेव्हा लोकांनी पैसे मोजून घेतलेले कित्येक इंटरनेट-रेडिओ संच रातोरात मुके झाले.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१० साली आपल्या इलेक्ट्रॉनिक कारभारासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. पण खुलेपणानेच सारे साधते असेही नाही. आकाशवाणीने डिजिटल रेडिओसाठी डीआरएम ही खुली पद्धत घेतली, मोठमोठे प्रक्षेपक उभारले. तरी तिचे संच गावच्या बाजारात दिसत नाहीत. शिवाय त्या खुल्या पद्धतीच्या पोटात आवाज दाबण्याची जी रीत आहे, ती परवान्याचीच. म्हणजे वाड्याचा दरवाजा सताड उघडा आणि आतल्या कोठीला कुलूप.

माझे मत विचाराल तर ताज्या बातमीसाठी साचा कोणताही चालेल. ती उद्या शिळी होणारच. जपायच्या आवाजाची गोष्ट वेगळी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या; त्यांत शिरूर तालुक्यातल्या बायांच्याही आहेत. २०१७ पासून त्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या होत आहेत. पन्नास वर्षांनी त्या उघडल्या पाहिजेत.

मीही २००४ साली, विद्यार्थी असताना, आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पहिल्या चौदा साध्या कॅसेटवर. पुढे थोडी ऐट म्हणून संगणकावर, एका कंपनीच्या साच्यात. साठवताना ती प्रणाली त्यावर त्या संगणकापुरता परवाना घालते, हे मला ठाऊक नव्हते. संगणक बिघडला. फायली मी दुसरीकडे उतरवून ठेवल्या होत्या, त्या आजही माझ्यापाशी आहेत. उघडू गेले की परवाना मागतात. आजी २००९ साली गेली. कॅसेट मात्र शाळेतल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर अजून वाजते, आणि चौदावी ओवी संपली की पुढे नुसती खरखर ऐकू येते.