जालावरील मराठी कविता

संगणकांच्या महाजालावर प्रसिद्ध होणारी आणि वाचकांकडून परस्पर प्रसृत होणारी मराठी कविता. प्रस्थापित मासिके व प्रकाशक यांच्यावाचून कविता वाचकापर्यंत पोहोचविण्याची खटपट मराठीत नवी नव्हे. १९५४–५५ च्या सुमारास निघालेले ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक आणि पुढील दोन दशकांतील ‘असो’, ‘वाचा’ आदी नियतकालिके यांमागे हीच प्रेरणा होती. जालाने मुद्रणाचा खर्च व प्रतींची मर्यादा दूर केली. मात्र लिपीची अडचण पुढे आणली.

‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झाले. त्या काळी जालावर मराठी मजकूर पुष्कळदा रोमन लिपीत लिहिला जाई व ऱ्हस्वदीर्घ वाचकाने ताडावयाचे असत. दुसरा मार्ग म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेली मुद्राक्षरे वापरणे. ती वाचकाच्या संगणकावर नसल्यास कवितेच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसे. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संकेतप्रणालीला १९९१ मध्ये राष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. त्याच वर्षी युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थाने राखण्यात आली. तथापि सर्वसामान्य संगणकावर तिचा लाभ मिळण्यास २००० नंतरचा काळ उजाडला.

गद्याच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय होती. वृत्तबद्ध कवितेत तिने पाठच बिघडत असे. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. पहिल्यातील ‘द’ पुढील जोडाक्षरामुळे गुरू होतो, दुसऱ्यातील लघूच राहतो. ‘दऱ्या’तील अर्ध्या ‘र’चे रूप हिंदीत नसल्याने अनेक मुद्राक्षरांत त्याची सोय नसे. तेथे रफार छापला गेला, की डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होई आणि गझलेची ओळही मोडे. युनिकोडमधील ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णामुळे हा दोष दूर करता येतो.

याहून गंभीर प्रश्न कर्तृत्वाचा आहे. संतकवींनी अभंगातच नाममुद्रा गुंफली होती. ‘तुका म्हणे’ वगळावे तर चरणच अपुरा राहतो. तीही पूर्ण संरक्षण देऊ शकली नाही. विष्णुदास नामा याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, त्या नामसाम्यामुळेच. आधुनिक कवितेत मुद्रा नाही. कवीचे नाव शीर्षकाजवळ किंवा तळाशी असते आणि एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना ते सहज गळते. मग रिकाम्या जागी एखाद्या ख्यातनाम कवीचे नाव चिकटविले जाते. अशा वेळी अपरिचित कवीची हानी दुहेरी असते, कारण रचना गाजते तीही दुसऱ्याच्या नावाने. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. परंतु हजारो हातांनी पुढे धाडलेल्या मजकुराबाबत दाद कोणाविरुद्ध मागावी, याचे व्यवहार्य उत्तर कायद्यात सापडत नाही.

जाल हे कायमचे भांडार आहे, ही समजूतही फारशी खरी नाही. ‘जिओसिटीज’ची बहुतेक पाने २००९ मध्ये, तर ‘ऑर्कुट’ हे स्थळ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ज्यांनी आपल्या रचना तेथेच लिहून इतरत्र प्रत ठेवली नव्हती, त्यांच्या कविता उरल्या असतील, तर वाचकांनी उतरवून घेतलेल्या प्रतींत. आणि अशा प्रतींवर कवीचे नाव असेलच असे नाही.