चांदबीबीला जुन्नरला यायचं होतं

जुन्नरहून आपटाळेमार्गे नाणेघाटाकडे निघालं की वाटेत चावंडचा किल्ला लागतो. शिवनेरीवर शाळांच्या सहली येतात, लेण्याद्रीला चतुर्थीची गर्दी असते, नाणेघाटात पावसाळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. चावंड मात्र ट्रेकवाल्या पोरांपुरता उरलाय. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्याच्या पायऱ्या उडवल्या, त्यामुळे आजही एका टप्प्यावर आधार धरून जपूनच चढावं लागतं. ह्या किल्ल्यावर १५९५ साली एक दूधपितं मूल कैदेत होतं. नाव बहादूर. त्याचा बाप इब्राहीम निजामशाह गादीवर बसून काही महिने झाले नाहीत तोच विजापूरकरांशी लढताना मारला गेला होता. दिवाण मियाँ मंजूला आपल्या मुठीतला राजा हवा होता, म्हणून त्याने अहमद नावाच्या एका मुलाला राजघराण्यातला म्हणून गादीवर बसवलं आणि खऱ्या वारसाला जुन्नरच्या डोंगरात पाठवून दिलं.

त्या मुलाच्या बाजूने दरबारात उभी राहिली ती त्याच्या दादाची बहीण. चांदबीबी.

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना मी चांदबीबीबद्दल विचारते तेव्हा एकच उत्तर येतं: हातात तलवार, तोंडावर नकाब, तटाच्या भगदाडात उभी राहून मोगलांशी लढली. उत्तर बरोबर आहे, पण ते तिच्या आयुष्यातल्या एका रात्रीचं आहे. आपल्या समाजात मुलींच्या शाळेचा कार्यक्रम असला की रझिया, चांदबीबी, फातिमा शेख अशी तीन नावं घ्यायची आणि पुढच्या वक्त्याकडे माईक द्यायचा, असं चालतं. मला त्या एका रात्रीपेक्षा तिच्या शेवटच्या निर्णयाबद्दल लिहायचंय, कारण तो निर्णय जुन्नरशी बांधलेला आहे आणि त्यापायीच तिचा जीव गेला.

आधी तिचं घर समजून घेऊ. निजामशाहीचा जन्मच जुन्नरचा. मलिक अहमदने १४८६ च्या सुमारास शिवनेरी, चावंड आणि आसपासचे किल्ले घेतले, १४९० मध्ये बहमनींपासून वेगळं राज्य उभं केलं, तेव्हा राजधानी जुन्नर होती. अहमदनगर शहर वसलं ते १४९४ मध्ये. चांद ही ह्याच घराण्यातल्या हुसेन निजामशाहाची आणि खुंझा हुमायूनची मुलगी. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची जी आघाडी १५६५ च्या लढाईआधी जमली, तिच्यासाठी दोन घराण्यांत साटंलोटं झालं. चांद विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली, सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला, आणि अलीची बहीण चांदच्या भावाकडे, मुर्तजाकडे आली. लग्न म्हणजे तहाचं एक कलम. त्या काळात राजघरातल्या मुलींच्या वाट्याला हेच यायचं, हिंदू घराण्यांतही आणि मुसलमान घराण्यांतही.

तिची आई खुंझा हुमायून नवरा वारल्यावर मुर्तजाच्या नावाने काही वर्षं राज्य चालवत होती. शेवटी मुलानेच तिला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचं फारसी हस्तलिखित आहे. हुसेन निजामशाहाच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने लिहिलेलं. त्याच्या चित्रांत राजाच्या शेजारी ही बेगम बसलेली होती. ‘होती’ म्हणते, कारण बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर कुणीतरी पुसून टाकलीय. राजा जागच्या जागी, सेवक जागच्या जागी, आणि तख्तावर राजाच्या बाजूला एक डाग. कुठल्याही भाषणापेक्षा ही चित्रं मुलींना दाखवावीत असं मला वाटतं.

चांदने ह्या आईकडून काय घेतलं ते पुढे विजापुरात दिसलं. १५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. पुतण्या इब्राहीम नऊ वर्षांचा. कारभार चांदच्या हातात आला आणि एकामागून एक सरदार तो हिसकावायला पुढे आले. किशवर खानाने तर तिला उचलून साताऱ्याच्या किल्ल्यात डांबलं. सातारकर आज ज्याला अजिंक्यतारा म्हणतात तोच हा किल्ला. ती तिथून परत आली, इब्राहीमला मोठं केलं आणि काही वर्षांनी माहेरी अहमदनगरला गेली. म्हणजे मोगल दारात यायच्या आधीच तिने लहान राजाच्या नावाने राज्य चालवलं होतं, कैद भोगली होती, आणि आपलीच माणसं कशी उलटतात ते पाहिलं होतं.

१५९५ च्या अखेरीस अहमदनगरात एकाच वेळी चार राजे होते. मियाँ मंजूचा अहमद. हबशी सरदार इखलास खानाला बहादूर हवा होता, पण चावंडच्या किल्लेदाराने मंजूच्या हुकमाशिवाय मूल द्यायला नकार दिला, तेव्हा त्याने त्याच वयाचं दुसरं एक मूल आणून त्यालाच राजा म्हणून जाहीर केलं! अभंग खानाने घराण्यातल्या म्हाताऱ्या शाह अलीला पुढे केलं. आणि चांदबीबीचा राजा चावंडवर कैदेत. त्यात मियाँ मंजूने स्वतःच्या बचावासाठी गुजरातेतून अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला बोलावून घेतलं, आणि तो खरंच आल्यावर पस्तावून राजधानी सोडून निघून गेला. मागे उरली ती चांदबीबी आणि किल्ला.

वेढ्याची हकीकत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यांच्याच छावणीतल्या एकाने रात्री येऊन त्यांच्या जागा सांगितल्या. आतल्या लोकांनी दोन सुरुंग निकामी केले, तिसरा उकरत असतानाच उडाला आणि तटाला मोठं भगदाड पडलं. लोक पळू लागले तेव्हा ती नकाब घेऊन, उघडी तलवार हातात धरून तिथे आली. संध्याकाळपर्यंत मोगलांना आत येता आलं नाही आणि रात्रीत भिंत पुन्हा उभी राहिली. गोळे संपल्यावर तिने तोफांत तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली ही गोष्टही सांगतात. ती मला दंतकथाच वाटते, पण गोड आहे, मुलांना आवडते, सांगायला हरकत नाही. तसंच नगरजवळच्या डोंगरावर ज्याला सगळे ‘चांदबीबी महाल’ म्हणतात ती खरी सलाबत खानाची कबर आहे. लोकांनी ती परस्पर तिच्या नावावर करून टाकली.

गोष्ट सांगणारे इथे थांबतात. १५९६ मध्ये ह्या वेढ्याचा शेवट मोगलांच्या पराभवाने झाला नाही, तहाने झाला, हे मात्र सांगायचं राहतं. चांदबीबीने वऱ्हाड मोगलांना दिलं. त्याच्या बदल्यात बहादूर चावंडहून अहमदनगरला आला आणि मोगलांनी त्याला राजा मानलं. एक सुभा देऊन राज्य वाचवलं. विजापूरची फौज मदतीला निघाली होती, आणखी थोडे दिवस तग धरायला हवा होता, असं म्हणणारे तेव्हाही असतील. पण किल्ल्यात दाणागोटा किती उरलाय हे तिला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

पुढची चार वर्षं मोगलांपेक्षा घरच्यांनीच जास्त खाल्ली. तिने नेमलेला पेशवा मुहम्मद खान डोईजड झाला. त्याला काढून अभंग खानाला आणलं, तर तो बहादूरला तिच्या हातून काढून घ्यायला निघाला आणि त्याने तिच्याच किल्ल्याला वेढा घातला. अशात १६०० साली शाहजादा दानियाल मोठी फौज घेऊन आला. स्वतः अकबर बऱ्हाणपुरात येऊन बसला होता. अभंग खानाने घाट अडवायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि तो जुन्नरच्या दिशेने निघून गेला.

आता किल्ल्यात ती, लहान बहादूर, आणि एकमेकांवर विश्वास नसलेली शिबंदी. फिरिश्ता लिहितो की तिने एका खोजा सरदाराला बोलावून सल्ला विचारला. तिचं म्हणणं असं: हे सरदार एकमेकांत भांडतायत, किल्ला टिकणार नाही. आपल्या जिवाची आणि इज्जतीची हमी घेऊन तो दानियालला द्यावा आणि राजाला घेऊन जुन्नरला जावं.

जुन्नरला का? फिरिश्ता कारण देत नाही, पण आपल्याकडच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. अहमदनगरचा किल्ला सपाट जमिनीवर आहे. खंदक रुंद, तट मजबूत, पण चारी बाजूंनी तोफा लावता येतात, सुरुंग खणता येतात. जुन्नर तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला. इथे शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे एकाला एक दिसणारे किल्ले. सुरुंग खणायचा तर कातळात. मागे नाणेघाट, तिथून कोकणात उतरता येतं. वर पावसाळा तोंडावर. आषाढात आपटाळ्याच्या पुढे आज एसटी वेळेवर जाईल याची खात्री नसते, तिथे दानियालच्या तोफा कशा ओढणार होते? आणि अभंग खानही इकडेच आलेला. ज्याने आपल्याला वेढा घातला त्याच्याशी जुळवून घ्यायची तयारीही ह्या बेतात असणार. माझ्या मते भगदाडात उभं राहण्यापेक्षा हे कठीण होतं.

त्या सरदाराने (फिरिश्ता त्याचं नाव हमीद खान देतो, दुसरीकडे जीता खान असं येतं) बाहेर जाऊन ओरडा केला की चांद सुलताना मोगलांना फितूर झालीय, किल्ला देऊन टाकतेय. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला मारून टाकलं. जुलै १६०० ची ही गोष्ट. ऑगस्टमध्ये सुरुंगांनी तट उडाला आणि किल्ला पडला. आतले पुष्कळ लोक कापले गेले. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं. चावंडपासून सुरू झालेली त्याची कैद तिथे पुरी झाली.

फिरिश्ताबद्दल एक सांगायला हवं. त्याने हा इतिहास विजापुरात, इब्राहीम आदिलशाहाच्या दरबारात लिहिला. म्हणजे ज्या पोराला चांदने वाढवलं त्याच्या पदरी राहून. त्यामुळे तो तिच्या बाजूने झुकलेला असणार हे धरून चाललं पाहिजे. पण पुढे जे घडलं ते फिरिश्तावर अवलंबून नाही.

मलिक अंबरने परांड्याला शाह अलीच्या मुलाला मुर्तजा म्हणून गादीवर बसवलं, आणि १६०७ च्या सुमारास राजधानी हलवली. कुठे? जुन्नरला. डोंगर पाठीशी घेऊन, मराठा बारगीर हाताशी धरून त्याने मोगलांना पुढची जवळपास वीस वर्षं दख्खनमध्ये बसू दिलं नाही. निजामशाही अहमदनगर गेल्यावर छत्तीस वर्षं जगली ती अशी. अंबरला आपण गनिमी काव्याचा मोठा माणूस मानतो, मानायलाच हवं. पण राजधानी सोडा, राजा वाचवा, जुन्नरच्या डोंगरात जा, हे त्याच्या सात वर्षं आधी एका बाईने म्हटलं होतं. त्याला मुत्सद्दी म्हटलं, तिला फितूर.

ह्या लढाईत दोन्हीकडे मुसलमान होते आणि दोन्हीकडे हिंदू होते, हे मुद्दाम लिहिते, कारण हल्ली दख्खनची कुठलीही लढाई सांगितली की ऐकणारा आधी धर्म विचारतो. जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचं नाव मिळालंय. एका कर्तबगार बाईचं नाव जिल्ह्याला मिळालं ह्याचा मला आनंदच आहे. त्याच जिल्ह्याच्या किल्ल्यात दुसरी एक राज्यकर्ती मारली गेली, एवढं तिथल्या मुलींना माहीत असावं.

जुन्नरच्या डोंगरांचा हा हिशोब चांदबीबीपाशी संपला नाही. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवांना निजामशाहाने दौलताबादच्या दरबारात मारवलं. जिजाबाईंचे ते वडील. देशभर धामधूम, शहाजीराजे एका जागी ठरत नाहीत, आणि जिजाबाई गरोदर. त्यांना ठेवलं शिवनेरीवर, निजामशाहीच्याच किल्ल्यावर. फेब्रुवारी १६३० मध्ये तिथे शिवाजी महाराज जन्मले. एका मुलाला सुरक्षित ठेवायचं तर कुठे, ह्या प्रश्नाला तीस वर्षांपूर्वी अहमदनगरात जे उत्तर निघालं होतं तेच हे.

चावंडवरून पुढे गेलं की नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञ किती केले, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती दिले, सगळं आकड्यांसकट कोरलेलं. नवरा सातकर्णी गेल्यावर मुलांच्या लहानपणी तिनेच राज्य सांभाळलं असं अभ्यासक मानतात. तिची मूर्ती तिथे होती, आता फक्त वर कोरलेलं नाव आहे.

आणि घाटाच्या डोक्यावर जीवधन. १६३३ मध्ये त्या किल्ल्यावरही निजामशाही घराण्यातलं एक मूल कैदेत होतं. शहाजीराजांनी त्याला सोडवलं, पेमगिरीवर नेऊन गादीवर बसवलं आणि तीन वर्षं त्याच्या नावाने राज्य चालवलं. १६३६ मध्ये माहुलीला तह झाला, ते मूल मोगलांच्या ताब्यात गेलं आणि निजामशाही संपली.