नियम आणि खांब : महाराष्ट्रातील वीज वितरणातील कामगार-सुरक्षेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील विद्युतीकरणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने धरणांचा, औष्णिक केंद्रांचा आणि वीजदरांचा इतिहास म्हणून मांडला गेला आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र (१९१५), कोयना प्रकल्प, १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि २००५ साली झालेले त्याचे विभाजन हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. परंतु खांबावर चढून ही वीज प्रत्यक्ष घरापर्यंत आणि विहिरीपर्यंत पोहोचविणारा जो तारतंत्री, ज्याला लोक लाइनमन किंवा वायरमन म्हणतात, त्याच्या जिवाच्या रक्षणाचा प्रश्न या इतिहासात तळटीपेपुरताच येतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे. सुरक्षेचे नियम आपल्याकडे बरेच आधी आले आणि ते पुरेसे स्पष्टही होते. तथापि त्या नियमांतून सुरक्षेची संस्कृती आपोआप निर्माण झाली नाही, कारण काम थांबविण्याचा अधिकार खांबावरच्या माणसाच्या हाती कधीच आला नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

'सुरक्षा-संस्कृती' ही संज्ञा आज सर्वत्र रूढ झाली असली तरी तिचा उगम एका वीजनिर्मिती केंद्रातील दुर्घटनेशी निगडित आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने आपल्या अहवालात ही संज्ञा वापरली आणि १९९१ मध्ये तिची सविस्तर व्याख्या केली. त्या व्याख्येनुसार सुरक्षेला अग्रक्रम देणारी वृत्ती व्यक्तीप्रमाणेच संघटनेचीही असावी लागते. आपल्याकडे ही संज्ञा आली तेव्हा तिचा व्यक्तीविषयीचा भाग तेवढा उचलला गेला. संघटनेविषयीचा भाग मागेच राहिला.

नियमांचा वारसा :

१९१० चा भारतीय विद्युत अधिनियम आणि त्याखालील १९५६ ची भारतीय विद्युत नियमावली हा वीज वितरणातील सुरक्षेचा कायदेशीर पाया होता. या नियमावलीतील ३६ वा नियम मुळातून वाचण्यासारखा आहे. कोणत्याही तारेस वा उपकरणास हात लावण्यापूर्वी ती जमिनीशी जोडून तिच्यातील विद्युतभार काढून टाकावा, शेजारच्या तारेपासून धोका असल्यास तिचीही तीच व्यवस्था करावी, आणि माणसे काम करीत असताना ती तार चुकूनही प्रवाहित होणार नाही अशी खबरदारी घ्यावी, असे तो सांगतो. हातमोजे, रबरी बूट, कमरेचा पट्टा, शिडी, शिरस्त्राण, अर्थिंगची साधने पुरविण्याचे आणि ती सुस्थितीत ठेवण्याचे बंधनही त्यातच आहे. चालू तारेवर काम करण्यास अधिकृत केलेल्या व्यक्तीखेरीज इतरांना मनाई आहे. तात्पर्य, आज सुरक्षा-प्रशिक्षणात जे शिकविले जाते त्याचा गाभा त्या काळीच छापील स्वरूपात उपलब्ध होता.

याच नियमावलीतील ४४ व्या नियमान्वये विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीस शुद्धीवर कसे आणावे याच्या सूचना स्थानिक भाषेतही ठळक जागी लावणे आवश्यक होते. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची चित्रे असलेला तो तक्ता आपल्यापैकी अनेकांनी कारखान्यात, उपकेंद्रात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहिलेला असेल. तक्ता उपकेंद्राच्या भिंतीवर लटकत असतो आणि धक्का बसलेला माणूस तेथून चार कोसांवर, एखाद्या उसाच्या फडातील खांबावर. नियमकर्त्यांच्या डोळ्यांसमोर भिंती आणि छप्पर असलेली जागा होती, असे यावरून अनुमान काढता येते.

मुंबई बेटावर हे गृहीतक बऱ्याच अंशी लागू पडत होते. १९०५ साली स्थापन झालेल्या आणि १९४७ मध्ये महापालिकेकडे आलेल्या 'बेस्ट'चे वितरण मुख्यतः भूमिगत केबलद्वारे होत आले. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र वीज आली ती उघड्या तारांवरून. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना झाल्यानंतर या कामास वेग आला. आज राज्यातील कृषिपंपांची संख्या ४० लाखांहून अधिक आहे. या विस्ताराचे मोजमाप जोडण्या, गावे आणि तारांची लांबी यांत झाले. त्या प्रमाणात तारतंत्री किती वाढले, हा प्रश्न प्रगतीच्या कोष्टकात बसणारा नव्हता.

परमिटची प्रक्रिया आणि शेतातील वास्तव :

बंद तारेवर काम करण्याची लेखी अनुमती म्हणजे 'परमिट'. काही राज्यांत यालाच 'लाइन क्लिअर' म्हणतात. हा शब्द रेल्वेच्या परिभाषेतील आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. पुढचे स्थानक मोकळे असल्याची खात्री दिल्याशिवाय गाडी सोडावयाची नाही, या तत्त्वाचेच हे रूपांतर होय. उपकेंद्रातील यंत्रचालकाने संबंधित वाहिनी तोडावी, विलगक उघडून त्यास कुलूप घालावे, 'माणसे काम करीत आहेत' असा फलक लावावा, नोंद करून परमिट द्यावे. तारतंत्र्याने जागेवर पुन्हा तपासणी करून कामाच्या दोन्ही बाजूंस डिस्चार्ज रॉड लावावा आणि मगच खांबावर चढावे. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करावे, म्हणजे वीज सुरू करण्याचा निर्णय दोघांच्या संमतीने होतो. या रचनेतील शहाणपण असे की तीत कोणाच्याही स्मरणशक्तीवर किंवा धाडसावर भिस्त ठेवलेली नाही.

शेतावर ही रचना कशी ढासळते हे समजण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील आवश्यक आहे. रोहित्राच्या, म्हणजे लोकांच्या भाषेत डीपीच्या, पेटीत तीन फेजचे तीन फ्यूज असतात. तक्रार एका फेजची असेल तर तेवढाच फ्यूज काढून खांबावर चढण्याचा मोह होतो; बाकीच्या घरांचा पुरवठा चालू राहतो आणि कोणी ओरडत नाही. परंतु त्या वाहिनीवर एखादा तीन फेजचा कृषिपंप जोडलेला असेल तर उरलेल्या दोन फेजची वीज त्याच्या मोटारीच्या वेटोळ्यांतून फिरून त्या 'बंद' तारेत येते. ज्याने फ्यूज काढला त्याच्या दृष्टीने तार मृत असते. प्रत्यक्षात ती जिवंत असते. भारनियमनाच्या वर्षांत यात आणखी एका धोक्याची भर पडली. घराघरांत इन्व्हर्टर आणि दुकानांत जनित्रे आली. त्यांची जोडणी सदोष असेल तर ग्राहकाच्या बाजूने वीज उलट तारेत येऊ शकते. एकाच खांबावरून दोन वाहिन्या जात असतील तर चुकीची वाहिनी बंद होण्याचा संभव राहतो तो वेगळाच. या तिन्ही प्रसंगांत माणसाला वाचवू शकते ती एकच गोष्ट, ती म्हणजे तपासणी करून जागेवर केलेले अर्थिंग. त्यासाठी दहा मिनिटे, डिस्चार्ज रॉड आणि खाली उभा असलेला दुसरा माणूस लागतो. या तिन्हींपैकी कोणती गोष्ट उपलब्ध नव्हती हे प्रत्येक अपघातात निराळे असते. पण यांपैकी एकही बाब तारतंत्र्याच्या स्वाधीन नसते.

मोबाइल दूरध्वनी आल्यावर परमिटचा कागद मागे पडून तोंडी निरोपावर काम होण्याची वाट मोकळी झाली. दुर्गम भागात यामुळे वेळ वाचला हे मान्य केले पाहिजे. तथापि कागदावर वाहिनीचे नाव लिहावे लागे. फोनवर 'आपली ती वरची लाइन' एवढ्यावर भागते.

पराक्रम आणि निष्काळजीपणा :

वीज कामगाराविषयी समाज दोन भाषांत बोलतो. पहिली गौरवाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर हजारो खांब पाडले तेव्हा इतर जिल्ह्यांतून पथके आली आणि त्यांचे यथार्थ कौतुक झाले. कोल्हापूर-सांगलीच्या महापुरांत पाण्यातून पोहत दुरुस्तीस जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. या कौतुकात खोटे काही नाही. पण नेमके ज्याचे कौतुक होते तेच नियमाने निषिद्ध असते. परक्या जिल्ह्यातून आलेल्या पथकास तेथील वाहिन्यांची ओळख नसते, म्हणून त्याने अधिक संथ गतीने काम करावयास हवे. त्याच्याकडून अपेक्षा असते ती अधिक वेगाची.

दुसरी भाषा अपघातानंतरची. तीत त्याच माणसाचा 'निष्काळजीपणा' हा शब्द येतो. या विचारामागे एक अभ्यासपरंपराही आहे. अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ च्या ग्रंथात ८८ टक्के औद्योगिक अपघातांचे कारण कामगाराची असुरक्षित कृती हे असल्याचे म्हटले आणि हा आकडा जगभर उद्धृत झाला. हाइनरिख विमा कंपनीत नोकरीस होते आणि त्यांची सामग्री विमा-दाव्यांची व मालकांनी दिलेल्या अहवालांची होती, ही बाब मात्र तितकीशी उद्धृत झाली नाही.

कायदा या बाबतीत अधिक समंजस होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमात सुरक्षा नियमाचा हेतुपुरस्सर भंग केल्यास मालकाची जबाबदारी टळत असे. परंतु पुढे इजेमुळे मृत्यू ओढवला असेल तर हा बचाव उपलब्ध राहिला नाही. मृताच्या विधवेशी त्याच्या चुकीबद्दल वाद घालू नये, एवढे भान तत्कालीन कायदेमंडळाला होते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या प्रकरणात, रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेमुळे झालेल्या मृत्यूस मंडळ निरपवादपणे जबाबदार असल्याचा निर्णय दिला. वाटसरूच्या मृत्यूत दोष कोणाचा हे शोधण्याची गरज न्यायालयास वाटली नाही.

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात जे प्रकरण जोडले गेले त्यात धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समितीवर कामगारांचे समान प्रतिनिधित्व आणि नजीकचा धोका निदर्शनास आणून देण्याचा कामगाराचा हक्क यांचा समावेश होता. वीजनिर्मिती उद्योग या सूचीत होता. म्हणजे औष्णिक केंद्रातील कामगारास हा हक्क मिळाला. शेतातील खांब हा कारखाना नसल्यामुळे तारतंत्र्यास तो त्या स्वरूपात मिळाला नाही. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी शपथ मात्र दोघेही घेतात.

२००५ नंतर :

विद्युत अधिनियम २००३ नुसार मंडळाचे विभाजन झाले. सुरक्षेची जुनी नियमावली जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि पुढे २०२३ चे विनियम आले. विद्युत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. तारतंत्र्याचे नामकरण 'जनमित्र' असे झाले. याच काळात खांबावर चढणाऱ्यांत कंत्राटदाराच्या माणसांचे प्रमाण वाढले. कंत्राटी कामगार काम नाकारतो तेव्हा तो केवळ ते काम नाकारीत नाही, पुढचा महिनाही नाकारतो. त्याला दिलेल्या हातमोज्यांपेक्षा ही गोष्ट त्याच्या सुरक्षेवर अधिक परिणाम करते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अपघाताची वर्दी देण्याचा शासकीय नमुना या दृष्टीने एक महत्त्वाचा ऐतिहासिक दस्तऐवज ठरतो. पहिली खबर २४ तासांत आणि सविस्तर अहवाल ४८ तासांत विद्युत निरीक्षकाकडे पाठविण्याची पद्धत १९५६ च्या नियमावलीतून आलेली असून २००५ च्या नियमांतही बहुतेक रकाने तसेच राहिले. वाहिनीचा दाब किती, मृतास ते काम करण्याची परवानगी होती काय, सोबत मदतनीस व पर्यवेक्षक कोण होते, हातमोजे, पट्टा, शिडी यांपैकी काय दिले होते आणि काय वापरले, वाहिनी विलग केली होती काय, कामाच्या जागी अर्थिंग केले होते काय, कृत्रिम श्वासोच्छ्वास किती वेळ दिला, असे हे रकाने आहेत. प्रश्न नेमके आहेत आणि 'दिले' व 'वापरले' यांत फरक करण्याइतके प्रामाणिकही. परंतु तो माणूस त्या दिवशी किती तास कामावर होता, त्याच्या नावावर आणखी किती तक्रारी प्रलंबित होत्या आणि खांबावर चढण्यापूर्वी त्याने कोणाला 'नको' म्हटले होते काय, हे रकाने त्यात नाहीत.