काचेच्या भिंतीतली काळी रेघ

रबर म्हातारं कसं होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे काचेची उंच इमारत दिसली की लोक काच बघतात आणि माझी नजर जाते काच आणि धातूच्या मधल्या काळ्या रेघेकडे. ही रेघ इमारतींमध्ये आली ती मोटारींमधून. आज तिची गोष्ट.

१९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दोन इमारती गाजल्या: संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय आणि लीव्हर हाउस. दोन्ही देखण्या, आणि दोघींनाही पाण्याने छळलं. सचिवालयात पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेल्या भोकांतूनच वादळी वारा पाणी उलटं आत ढकलायचा. लीव्हर हाउसमध्ये झिरपलेल्या पाण्याने आतलं पोलाद गंजून फुगलं, काचा तडकत गेल्या आणि शेवटी जवळपास पन्नास वर्षांनी अख्खा काचेचा पडदा बदलावा लागला.

असं का होतं? साधं गणित करू. तीन मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ४० अंश तापमानवाढीत साधारण २.८ मिमी वाढते. तेवढीच काच वाढते जेमतेम १.१ मिमी. म्हणजे दोघींमध्ये दीडएक मिलिमीटरची ओढाताण, तीही रोज. आपण खिडकीला भरतो ती लांबी वाळून कडक होते. ती हे किती दिवस सोसणार?

ईरो सारिनेन मिशिगनमधल्या वॉरन इथे जनरल मोटर्सचं टेक्निकल सेंटर बांधत होता (उद्घाटन १९५६). तिथेही काचेच्या सांध्यांचा हाच प्रश्न आला. पण मालकच मोटारवाले! मोटारीची पुढची काच धक्के खात, पाऊस झेलत रबरी पट्टीत घट्ट बसते, मग भिंतीतली का नाही बसणार? जुन्या एसटीच्या पुढच्या काचेभोवतीचं जाड काळं रबर आठवा, तेच तत्त्व. पट्टीच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत चौकट किंवा भिंतीचा पत्रा. मग मधल्या चरात एक बारीक पट्टी दाबून बसवायची, की रबराचे ओठ काचेवर आवळले जातात. चेन लावल्यासारखंच, म्हणून नावही झिपर गॅस्केट. गोंद नाही, वाळायची वाट बघणं नाही, आणि काच फुटली तर चेन उघडा, नवी बसवा. मला तर ही कल्पना सारिनेनच्या कमानींपेक्षा जास्त आवडते.

रबर होतं निओप्रीन, ड्युपाँ कंपनीत कॅरोथर्सच्या गटाने १९३० मध्ये शोधलेलं. त्याच्या साखळीतल्या क्लोरीनमुळे ऊन आणि ओझोन त्याला नैसर्गिक रबराइतके लवकर खात नाहीत. पण खातातच. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं रबर परत फुगायचं विसरतं. कुकरची जुनी रिंग चपटी होऊन शिट्टीआधीच वाफ सोडते ना, अगदी तसंच. साखळ्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि ते दबलेला आकारच कायमचा धरून ठेवतात. बाहेरून पट्टी धडधाकट दिसते, पण आतला दाब गेलेला असतो. मी प्रयोगशाळेत मोजते तो हाच हरवलेला दाब.

जतन करायच्या इमारतींमध्ये इथेच घोळ होतो. गळती दिसली की जुन्या निओप्रीनवरून सिलिकॉन ओढायचं, ही सोपी वाट. पण जुन्या रबरातली तेलं बाहेर झिरपतात, सिलिकॉन डागाळतं, नीट चिकटत नाही. वर चेनही त्याखाली बुजते. पुढच्या वेळी काच बदलायला येणाऱ्या माणसाला मग सुरी घेऊन सगळं खरवडत बसावं लागतं.